कूलरची खिडकी

होळी आटोपली की मी स्टूलवर चढते. माळ्यावर ऋतूवार ट्रंका असतात. ‘उन्हाळा’ अशी चिठ्ठी लावलेली खाली येते आणि ‘हिवाळा’ लिहिलेली वर जाते. मरून पडदे, उशांची जाड कव्हरं, दिवाणावरचा तपकिरी गालिचा, सगळं धुऊन, ऊन दाखवून, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून बंद. त्या दिवशी मी रजा टाकते. सदर भागातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे की ही रजा आजारपणाची नाही. ‘पडद्यांची रजा’ म्हणून साहेबसुद्धा हसून सही करतात.

मला हे काम मनापासून आवडतं. नागपूरचा उन्हाळा आधी डोळ्यांना लागतो, मग अंगाला. म्हणून उन्हाळ्यात माझ्या घरात पांढरा आणि फिका हिरवा. पावसाळ्यात दिवसा दिवे लावायची वेळ येते, तेव्हा पिवळा. संत्री बाजारात आली की संत्र्याचा रंग, सोबत झेंडू. थंडीत मरून. कापड गांधीबागेच्या बाजारातून, ताग्याचे उरलेले तुकडे धुंडाळून आणायचं आणि स्वतः शिवायचं. मासिकातली चित्रं मीही बघते. पण त्या घरांत कूलर नसतो. कूलर नसलेल्या उन्हाळी घराचा मला काय उपयोग?

कारण आमच्याकडे घर घेतानाच विचारतात, “कूलरची खिडकी कोणती?” स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे, हे नंतर. आमच्या हॉलला रस्त्याकडे एक मोठी खिडकी आहे. तिचं ग्रिल राहायला येण्याआधीच कापून घेतलं होतं, बाहेर लोखंडी स्टँड बसवला होता. मार्चमध्ये कूलर तिथे बसतो आणि पावसाळा चांगला लागेपर्यंत हलत नाही. तेवढे महिने ती खिडकी नसतेच, तो कूलर असतो. यात विचार करण्यासारखं काही असतं, असं इतक्या वर्षांत आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

यंदाचा उन्हाळा मात्र खास होता. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या सावनेरला एकट्याच होत्या. रस्त्यालगत दोन खोल्या आणि पुढे ओटा. गुडघे इतके दुखायला लागले की न्हाणीघरात जातानाही भिंत धरावी लागे. नवरा दर रविवारी जाऊन विनवायचा, दर रविवारी नकार घेऊन यायचा. शेवटी फेब्रुवारीत त्या एक पिशवी घेऊन आल्या आणि दारातच सांगून मोकळ्या झाल्या, “मृग लागेपर्यंत राहीन. जमलं तर पाहू. नाही जमलं तर माह्यं घर आहे.”

पिशवी एकच होती, हे मी लगेच हेरलं. राहायला आलेलं माणूस एका पिशवीत येत नाही. त्या परत गेल्या तर त्या गुडघ्यांनिशी पुन्हा एकट्या पडणार, आणि नवऱ्याला रात्रभर फोनकडे बघत बसावं लागणार. म्हणून मी ठरवलं, यंदाचं उन्हाळी घर असं सजवायचं की त्यांना जावंसंच वाटू नये.

मी झपाटल्यासारखी लागले. या वर्षीची कल्पना होती ‘पाणवठा’. पांढऱ्या पडद्यांना खाली हिरवी पट्टी. दिवाणावर पांढरी चादर, उशांवर कमळाच्या पानांचं ठशाचं काम, ते मी बटाटा कापून स्वतः उमटवलं. कोपऱ्यात लाल माठ, त्याच्या गळ्यात मोगरा. गॅलरीत झाडांचा कोपरा: मनीप्लांट, तुळस, पुदिना, मध्ये पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ. जुन्या कूलरला तर मी फिक्या हिरव्या रंगाने रंगवून काढलं. आत गवताऐवजी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या. कूलरवाल्याने तो खिडकीत बसवला, पंपाने पाणी ओढलं आणि खसचा पहिला ओला वास हॉलभर पसरला, तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

“आई, कसं वाटलं?” मी विचारलं.

सासूबाईंनी सगळीकडे नजर फिरवली. “चांगलं आहे वं. सिनेमातल्यावानी.”

नवरा म्हणाला, “बस ना मग इथं. तुझ्यासाठीच केलं.”

त्या दिवाणाच्या अगदी कडेवर टेकल्या. हात चादरीवर न टेकता त्यांनी मांडीवरच ठेवला.

त्यानंतर त्या गप्प होत गेल्या. आल्या तेव्हा असं नव्हतं. फेब्रुवारीत त्यांची एक सवय होती. गॅलरीतली मरून प्लॅस्टिकची खुर्ची ओढत ओढत हॉलच्या खिडकीशी आणायची आणि तिथे बसून राहायचं. मी संध्याकाळी ती उचलून जागेवर ठेवायची, कारण ती खुर्ची कशाशीच जुळत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी. कूलर बसल्यावर खुर्ची गॅलरीतच राहू लागली आणि मला वाटलं, चला, दिवाणाची सवय झाली.

सवय कसली! जेवण गोड लागेना, टीव्ही लावला तर त्या भिंतीकडे तोंड करून निजायच्या. आणि एक दिवस जेवताना म्हणाल्या, “बाबू, या रविवारी मले सावनेरले पोचवून दे.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “काहून? मृगाले वेळ आहे ना अजून?”

“मृग काय, सावनेरलेही लागते.”

“तिथं करशील काय, आई? इथं कूलर आहे, माणसं आहेत...”

“माणसं!” त्या एवढंच म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

मी हातपाय गाळणाऱ्यांतली नाही. काय चुकतंय ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. मी धरून चालले की गोची पांढऱ्या रंगाची आहे. सावनेरच्या बाजूला कोळशाच्या खाणी. सासरे तिथेच कामाला होते. त्यांच्या घरात मी फिका कपडा कधी पाहिला नव्हता. पडदे काळपट निळे, चादरी चॉकलेटी. मी पांढरी चादर काढून दिवाणावर गडद हिरवी घातली.

“हे काहून काढलं?” सासूबाईंनी घडी घातलेल्या पांढऱ्या चादरीकडे बोट दाखवलं.

“तुम्हाला पांढऱ्यावर बसायला अवघड होत असेल म्हणून.”

“मले काय होते अवघड? जनमभर काजळी धुतली, पांढरं एक दिवस टिकलं नाही. मी तं हात लावाले भ्यायची की माह्या हातानं खराब होईन. पण पाहाले मले तेच आवडते.” मग म्हणाल्या, “राहू दे. रविवारी जायचंच आहे मले.”

म्हणजे पांढरा नव्हता. मग काय? मी मनातल्या मनात सगळं चाचपून पाहिलं. जेवण, झोप, औषधं, संडासातला धरायचा दांडा. कुठेच काही कमी पडलेलं सापडेना.

त्याच आठवड्यात एका दुपारी ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. बाहेर आग ओतत होती. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी घरी आले, जिना चढले आणि थबकले. आमचं दार सताड उघडं. दारासमोर, जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, ती मरून खुर्ची. खुर्चीत सासूबाई, पदराने वारा घेत, घामाने निथळत. आत कूलर सुरू होता आणि त्याचा गार वारा त्यांच्या पाठीपर्यंतही पोचत नव्हता.

“आई! अहो, लू लागेल! आत कूलर सोडून इथे कशाला बसल्या?”

“इथून माणसं दिसते वं,” त्या म्हणाल्या, जणू मी वेळ विचारली होती. “वरची ती नर्स आत्ताच गेली ड्यूटीले. तिच्या सासऱ्याचा बीपी वाढला म्हणे. इस्त्रीवाला येऊन गेला. आत काय दिसते? पडदा दिसते.”

मी तिथेच पायरीवर बसले. आणि मग मला सावनेरचा ओटा दिसला. त्या ओट्यावर बसून सासूबाई सगळ्या रस्त्याशी बोलायच्या: “काहून गा, आज लवकर?”, “कुठं चालली वं, नटूनथटून?” त्यांचा अर्धा दिवस तिथेच जायचा. इथे त्यांनी खिडकीचाच ओटा केला होता. समोरचा कडुलिंब, त्याखाली रसवंती, भाजीचा ठेला, शाळेच्या रिक्षा. आणि मी तिथे कूलर उभा केला होता, तोही हिरवा रंगवून!

“आई, तुम्ही बोलल्या का नाही?”

“काय बोलू? उन्हाळ्यात कूलर खिडकीतच लागते. माहीत आहे मले. एका म्हातारीसाठी साऱ्या घराले भाजू का?”

मी पर्स आत फेकली आणि लगेच कूलरवाल्याला फोन लावला.

तो आला, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “मॅडम, कूलरची खिडकी सोडून कूलर? असं कोणीच नाही करत.”

“आपण करू. गॅलरीचं दार आहे ना हॉलला. तिथे लावा.”

“मग गॅलरी बंद होईल.”

“होऊ द्या.”

“कपडे कुठे वाळवणार?”

“गच्चीवर.”

“आणि हे झाडंबिडं?”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घंगाळाचा तो कोपरा मी किती हौसेने केला होता. पण झाडांना पाय नसले तरी कुंड्या उचलता येतात. मनीप्लांट आणि पुदिना खिडकीच्या कठड्यावर गेले, तुळस गच्चीवर, घंगाळ माठाशेजारी. संध्याकाळी नवरा आला तेव्हा गॅलरीच्या दारात कूलर, हॉलभर ओल्या फरशीचा वास आणि खिडकी सताड उघडी.

“घर पयल्यासारखं गार नाही होणार हं,” तो म्हणाला. मग त्याची नजर आईकडे गेली. सासूबाई खिडकीत बसून रसवंतीवाल्याला वरून ओरडत होत्या, “बरफ कमी टाक गा! मागच्या वेळी नुसतं पाणीच पाजलंस!”

मला तर नवीनच उत्साह चढला. खिडकीला ऊन लागायचं, म्हणून खसची एक ताटी बाहेरून लावली. दोरी ओढली की गुंडाळून वर जाते. ती दोरी सासूबाईंच्या हाताशी. ताटीवर पाणी शिंपडायचं काम त्यांनी कुणाला न विचारता आपल्याकडे घेतलं. त्या मरून खुर्चीला मी पांढरं कव्हर शिवलं, कमळाच्या पानासकट. आधी त्यांनी पदराला हात पुसले, मग कव्हरावरून फिरवले.

“खराब होईन वं.”

“होऊ द्या. धुता येतं. इथे काजळी नाही.”

त्या रविवारी सावनेरचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. नवरा मात्र माझ्याकडे बघून भुवया उडवायचा आणि मी त्याला डोळ्यांनी दटावायची. विचारलं की माणूस ठरवतं, आणि ठरवलं की जातं. मृग जवळ येत होता.

मृगाच्या आदल्या आठवड्यात मी सवयीप्रमाणे पावसाळ्याची तयारी काढली. फ्रिजवर कामांची यादी लावली, गांधीबागेतून आणलेले कापडाचे तुकडे दिवाणावर मांडले. लिंबाचा पिवळा, हळदीचा, मोहरीचा, आणि एक हिरवा, मलाच मोह पडला म्हणून. सासूबाई खिडकीतून मान वळवून बघत होत्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“तो हिरवा नको,” त्या म्हणाल्या.

“का?”

“पावसाळ्यात बाहेर सारं हिरवंच राहते. आत कायले पायजे? हळदीचा घे. अन् दिवाळीले तू संत्र्याचा लावतेस ना. तो मी निवडीन, माह्यासमोर आण. तुह्या त्या उशा फारच भडक होत्या मागच्या वर्षी.”

मी तुकडे नीट करत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. दिवाळीपर्यंत! मागच्या वर्षीच्या उशांवरून बोलणी खाताना मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

“अन् पडदा सारा खालपर्यंत नको शिवू,” त्यांनी बजावलं. “बसल्यावर दिसलं पायजे.”

मी मोजपट्टी आणली. त्यांना खुर्चीत सरळ बसवलं, रस्त्याकडे पाहायला सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांच्या जरा वर, खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली. पडदा तिथवर.