पळेल ती भागूबाई

सत्तरच्या दशकात मी रामटेकच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मास्तरीण होते. माझं लहानपण सगळं शहरात, इतवारीच्या बाजारपेठेत गेलेलं. आग म्हणजे मला ठाऊक होती ती चुलीतली आणि होळीची. तरी वणव्याचा धडा माझ्याच गळ्यात पडला, कारण जंगलखात्याच्या एक दिवसाच्या वर्गाला हेडमास्तरांनी मलाच पाठवलं होतं. एका दिवसात मी अशी शहाणी होऊन आले की विचारू नका!

चैत्रात तिकडे मोहाची फुलं पडतात. पहाटे बायापोरी ती वेचतात. पाल्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून आधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची रीत. ती आग वाऱ्याने सुटली की जंगल पेटतं, कोवळी रोपं जळून जातात, हे मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. इथवर ठीक होतं. चौथीतल्या एका पोरीच्या आईला तर मी वाटेत अडवून झापलं.

"काहून जाळता वं? जंगल गेलं तर खाल काय?"

"बाई, आमी इझेपर्यंत तिथंच बसून राहतो," ती म्हणाली. मला वाटलं, उलटून बोलते.

खरा घोळ मी पुढेच केला. आग हिरव्या फांदीने झोडपून विझवतात, असं त्या वर्गात ऐकलं होतं. ते काम दहा-वीस बाप्यांनी मिळून करायचं. मी ते नऊ-नऊ वर्षांच्या पोरांना शिकवलं. शाळेच्या अंगणात मूठभर पाला पेटवला आणि पळसाच्या फांद्यांनी झोडपायला लावला. पोरं खूश. वरून मी म्हणाले, "पळेल ती भागूबाई!" काय अक्कल गहाण ठेवली होती कोण जाणे.

आठवडाभरात टेकडीवर धूर दिसला. सकाळची शाळा होती, मधली सुट्टी नुकतीच संपली होती. वारा सुटला होता. मी घाईने हजेरी घेतली. एक पोर कमी. जिच्या आईला झापलं होतं, तीच.

"ते गेली बाई, आग इझवाले," तिच्या शेजारची म्हणाली. "मी नाई गेली. मले भेव वाटलं."

पोरांना हेडमास्तरांवर सोडून मी धावत सुटले. गावाच्या कडेला तिची आई भेटली. "पोरगी वर गेली," एवढंच मी तिला सांगितलं. का गेली ते नाही सांगितलं.

दोघी टेकडी चढलो. धुराने डोळे उघडेनात. पलीकडे बांबू फटाफट फुटत होते आणि दर आवाजाला मला वाटे, गेली पोर. मी देवाचं नाव घेत होते, पण मागत काय होते? हे मीच शिकवलं, ते हिला कळू नको देऊ. पोर तिथे आगीत, आणि मला माझी पडली होती! आजही ते आठवलं की स्वतःची किळस येते.

आई पायवाट सोडून सरळ त्यांच्या मोहाकडे वळली. "जळल्या जागी आग पुन्यांदा येत नाई," ती धापा टाकत म्हणाली. आणि खरंच, मोहाखालच्या, त्यांनी आधीच जाळून साफ केलेल्या काळ्या जागेत पोरगी बुंध्याला चिकटून उभी होती. चारी बाजूंनी पाला जळून गेला होता. पोरीच्या भुवया करपल्या होत्या, हातात पळसाची अर्धी फांदी होती.

आईने तिला चाचपून पाहिलं, हात, पाय, पाठ. मग तिचा दंड धरून गदागदा हलवलं.

"कोनं सांगतलं होतं वं तुले इकडं याले?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं.

"कोनं नाई," ती म्हणाली. "मीच आली."

आईने फाडकन तिच्या तोंडात मारली. पोरगी रडली नाही, खाली मान घालून उभी राहिली. ती थापड माझ्या वाट्याची होती. मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.