कुशाबाईंचं काळ्या मण्यांचं अस्वल

चिंचवडगावात देवळाकडे उतरणाऱ्या बोळात कुशाबाईंची ओसरी होती. दुकान म्हणावं तर पाटी नव्हती, आणि घर म्हणावं तर दिवसभर बाया उंबऱ्यावर बसलेल्या. कुशाबाई पटवेकरीण. मंगळसूत्र, ठुशी, पुतळ्यांची माळ, जे काही दोऱ्यात ओवायचं ते गाठवून द्यायच्या. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणून धरायच्या आणि बोलता बोलता गाठ मारायच्या, गाठीकडे न बघता. शनिवारी पेटी घेऊन चाकणच्या बाजाराला जायच्या, एरवी ओसरीवर.

त्यांचे यजमान गेनूकाका. दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. मूळचा धंदा त्यांचाच, डोळे गेल्यावर बायकोने उचलला. दोरा पिळायचं आणि त्याला मेण लावायचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

"कुशे, ह्यो दोरा कच्चा हाय."

"तुमाला दिसतंय व्हय?"

"दिसत न्हाई म्हनून तर कळतंय. डोळंवाल्यांला दुकानदार फशिवतो."

त्या ओसरीवर एक शब्द चालत नसे. तुटलं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, आणि मंगळसूत्र तुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं, हे आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही. पण कुशाबाई हा नियम पोराच्या करदोट्यालासुद्धा लावायच्या. दोऱ्याचं काहीही असो, वाढलंच.

मी पहिल्यांदा त्यांच्या पायरीवर चढले तेव्हा पदराच्या गाठीत काळे मणी होते आणि माझ्या तोंडून नेमका तोच शब्द निघाला.

"मावशी, तुटलं हो माझं."

"आगं बाय, जिभेला हाड हाय का न्हाई? वाढलं म्हन. बस आधी. पानी पी."

मग मी सगळं सांगितलं.

आम्ही खटावकडचे. माझे यजमान ज्योतीराम पिंपरीला औषधांच्या कारखान्याच्या बांधकामावर लागले, म्हणून पंचावन्न साली आम्ही चिंचवडला खोली घेतली. पदरात एकच मूल, वच्छी. वय चार. बोलायला इतकी तरतरीत की शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला झाकण करून आणा. पण हाडापेराने किरकोळ, सारखी आजारी. एक दिवस बोळात दरवेशी अस्वल घेऊन आला. अस्वलाच्या पाठीवर मूल बसवलं की ते धट्टंकट्टं होतं, दचकत नाही, असं आमच्याकडेही मानतात. रुक्मिणीबाई म्हणाल्या, बसव. मी बसवलं. वच्छी "नको नको" म्हणत होती. मी म्हटलं, काही होत नाही गं, आणि दामटून बसवलं.

अस्वल बिचारं गरीब होतं. जरासं अंग हलवलं एवढंच. पण वच्छीने घाबरून माझ्या गळ्याला मिठी मारली, तिच्या मुठीत मंगळसूत्र आलं आणि सगळे मणी धुळीत. दरवेशीसुद्धा खाली बसून मणी वेचू लागला. वच्छीला खरचटलंही नव्हतं.

त्या दिवसापासून ती बोलायची थांबली.

कुशाबाईंनी ऐकून घेतलं. माझं मंगळसूत्र गाठवलं, कमी पडलेले मणी आपल्या डबीतून घातले, गळ्यात बांधताना देवाचं नाव घेतलं. मग म्हणाल्या, "लेकराला घिऊन येत जा. दारात मानसं असत्यात. बोलंल."

मी नेत राहिले. एक महिना गेला, दोन गेले. पिंपरीच्या डॉक्टरांनी घसा बघितला, म्हणाले घशात काही दोष नाही. दरवेशी परत आला तेव्हा त्याने अस्वलाचा केस घालून ताईत दिला, तोही बांधला. मी संकष्टी धरली. वच्छी जेवायची, झोपायची, हाक मारली की यायची, पण ओठ मिटलेले. हवं ते बोटाने दाखवायची. यजमान कामावरून आले की दारातूनच माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, मग ते पाय धुवायला जायचे. रुक्मिणीबाई एकदा म्हणाल्या, "मुकी पोर. उद्या हिला कोण पदरात घेणार?" मी घरात जाऊन देवापुढे बसले. म्हटलं, मोरया, मी बसवलं तिला. शिक्षा द्यायची तर मला दे, तिचा आवाज कशाला घेतलास?

श्रावणात एक दिवस कुशाबाई मला म्हणाल्या, "आस्वलाचं भ्या आस्वलानंच जाईल. मी करते एक. मन्यांचं."

"मण्यांचं अस्वल?"

"का? रुखवताला राघू करते, हंस करते. आस्वलानंच काय पाप केलंय? पुन्यात बोहरी आळीत काचंमागं बघितलं व्हतं, इलायती, कापडाचं. लेकरावानी पाय पसरून बसल्यालं. तसं बसवायचं."

"काळ्या मण्यांचं केलंस तर बाया बोंब मारतील," गेनूकाका म्हणाले.

"मग काय हिरवं करू? हिरवं आस्वल बघितलंय का कुनी?"

"मी तर काळं बी बघितलं न्हाई धा वर्सांत."

वच्छी दोघांच्या मध्ये बसून बघायची. मीही बघायला शिकले. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. पाच मण्यांचं एक कडं करायचं, शेवटच्या मण्यातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या आणि दोरा ओढायचा. त्याला लागून दुसरं कडं. शेजारच्या दोन कड्यांत एक मणी सामाईक, जसा दोन घरांचा कूड सामाईक असतो तसा. "सा मनी घेतलं की जाजम व्हतं, सपाट," कुशाबाई सांगायच्या. "पाच घेतलं की आपसूक वाकतं, वाटी व्हती. आन वाटीचं तोंड मिटलं की चेंडू." एक मोठा चेंडू पोटाचा, एक लहान डोक्याचा. तोंड मिटायच्या आधी आत सावरीचा कापूस. हातपाय वेगळे. आमच्याकडच्या अस्वलाच्या छातीवर असते तशी पांढऱ्या मण्यांची चंद्रकोर, आणि मुस्कट लाकडी मण्यांचं. डोळ्यांना दोन पोवळी. कान शेवटी.

काम गिऱ्हाइकांतून सवड मिळेल तसं चालायचं. दोनदा सगळं उसवलं, कारण ते बसेना, तोंडावर पडायचं. शेवटी गेनूकाकांनी बोटांनी चाचपून सांगितलं, बुडात कापूस कमी हाय. कापूस वाढवला आणि अस्वल बसलं.

आणि वच्छी त्याला मुळीच घाबरली नाही. तिने ते उचललं, मांडीवर घेतलं, थोपटलं. दिवसभर घेऊन हिंडली. मी वाट बघत होते. चार दिवस झाले, आठ झाले. भीती गेली होती, मग आवाज का येईना? खरं सांगते, त्या आठ दिवसांत माझी उरलीसुरली आशा संपली. आता आणखी काय करायचं राहिलं होतं?

भाद्रपदातली गोष्ट. मी ओसरीच्या पायरीवर मूग निवडत होते. आत वच्छी अस्वलाला कानाला धरून ओढत होती. कट् असा आवाज झाला आणि मणी फरशीवर तडतडले.

मी वळून बघितलं. वच्छीच्या हातात कान होता. तिचा चेहरा पांढराफटक. दोन्ही खांदे वर घेतलेले, डोळे गच्च मिटलेले. जणू आता फटका बसणार. आणि ती माझ्या बाजूला तोंड करून उभी होती, अस्वलाच्या नाही.

तेव्हा मला आठवलं. जे मी कुशाबाईंना सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं, कारण माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मंगळसूत्र ओघळलं तेव्हा मी बोळभर ओरडले होते, "तोडलंस ना! काय केलंस हे कार्टे, आता बाबाचं काय होईल!" धास्तीने तोंडाला येईल ते बोलले होते. यजमान तेव्हा परांचीवर होते, उंच कामावर होते. पोरीने ते सगळं ऐकलं, आणि तोंड बंद करून घेतलं.

कुशाबाईंनी मात्र अंगठ्याचा दोरासुद्धा सोडला नाही.

"वाढलं व्हय?" त्या म्हणाल्या. "वाढू दे की. दोराच त्यो, कदी तरी वाढायचाच. वेच मनी, लावू परत."

वच्छीने एक डोळा उघडला.

"कुनाला काय झालं बघ बरं," कुशाबाई म्हणाल्या. "आस्वल रडतंय? तुजा आज्जा रडतोय?"

"मी कशापायी रडू?" गेनूकाका म्हणाले. "माज्याच दोऱ्याला दोस येनार, त्याचं रडू येतंय तेवढं."

वच्छी खाली बसली. एक मणी उचलला, दुसरा उचलला. मग वर न बघता, घोगऱ्या, गंजलेल्या आवाजात म्हणाली,

"आज्जे, आईचं पण वाढलंच होतं का?"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मूग सगळ्या बोळात.

"व्हय गं माजे बाय," कुशाबाई म्हणाल्या. "वाढलंच व्हतं. मी न्हाई का गाठवून दिलं? बघ जा आईच्या गळ्यात."

वच्छी माझ्यापाशी आली, मंगळसूत्र दोन बोटांनी चाचपलं. मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, मी चुकले गं, मी चुकले. ती म्हणाली, "आई, मूग सांडलेत." आम्ही मूग वेचले. रडत मी एकटीच होते.

कान परत लावताना दोन मणी सापडलेच नाहीत, म्हणून त्या अस्वलाचा डावा कान बारीक आहे. कुशाबाई दुसरे मणी घालायला निघाल्या होत्या, वच्छीने घालू दिले नाहीत.

संध्याकाळी यजमान आले. दारात थांबून सवयीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत वच्छीच बोलली, आणि मग बोलतच राहिली. अस्वलाचा कान, गेनूकाकांचं मेण, रुक्मिणीबाईंची मांजर, पाच महिन्यांचं सगळं साठलेलं. ते बूट न काढता उंबऱ्यातच बसून ऐकत राहिले. जेवण झालं तरी तिचं तोंड चालूच. शेवटी डोळे पुसत हसत म्हणाले, "मोरया, आता हिला जरा गप्प कर रे बाबा."

मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "असं म्हणू नका," म्हटलं. "म्हणा, वाढू दे."