वेदीच्या जागी किचन

त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. लिथुआनियाहून आलेल्या कामगारांनी बांधलेलं शिकागोतलं एक जुनं चर्च विकलं गेलं. आता तिथे फ्लॅट होणार, म्हणून आम्ही बघायला गेलो. दारात मी सवयीने बूट काढले, तर एजंट हसला. "राहू द्या, आता हे चर्च नाहीये." वर वेदीकडे बोट दाखवून म्हणतो, इथे तुमचं किचन. माझं डोकंच फिरलं.

आजी मागच्या बाकावरची धूळ आपल्या रुमालाने पुसत होत्या. "माझा बाप्तिस्मा इथेच झालाय," त्या एजंटला म्हणाल्या. त्याने फोनमधून मानही वर केली नाही. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. त्यांच्यात चर्चमध्ये बूट काढायची पद्धत नाही. तरी त्या बाकावर बसल्या, खाली वाकल्या आणि लेस सोडू लागल्या.