फ्रीजरमधली शिशी

आमच्या घरी फ्रीज एकच हाय अन् तो सासूचा हाय. मी तिले आई म्हणते. पुसते तीच, अन् कोणतं भांडं कुठं ठेवायचं तेही तीच ठरवते. मले त्याच्यातच यायच्या, म्हणजे माह्या नवऱ्याच्या, औषधाची शिशी लपवून ठेवायची होती.

लग्नाले पाच वर्षं झाली, पोट्टी तीन वर्षांची हाय. ती तीन महिन्यांची होती तवा कन्हानच्या पुलापाशी ट्रकनं यायच्या गाडीले मागून ठोकर देल्ली, कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, हे चालाले लागले, टायरच्या दुकानात परत कामावर गेले, पण नवरा-बायकोचं जे असते ते काही होईना. नस दुखावली म्हणे. गोळ्या खाऊन पाह्यल्या, काही नाई. मंग हे माह्याकडं पाठ करून निजाले लागले. मी हात लावला की म्हणत, "राहू दे वं, थकलो." थकले नव्हते, मले समजत होतं, पण बोलू तरी काय?

धरमपेठच्या डॉक्टरनं मंग इंजेक्शन सांगतलं. बारीक सुई, तिथंच बाजूले टोचायची. यायचा हात थरथरे म्हणून शिशीतून औषध ओढून सुई भरून द्यायचं काम माहं. मी आठवीपर्यंतच शिकली, पण सुईवरच्या रेघा तर मोजता येतात. डॉक्टरनं आधी दवाखान्यातच थोडं थोडं टोचून पाह्यलं, अन् पाच रेघांवर ठरवलं. म्हणाले, "ताई, पाचच. आपल्या मनानं वाढवायचं नाई. शिशी थंडीत ठेवायची. अन् चार तास झाले तरी उतरलं नाई तर लाजत बसू नका, सरळ इकडं या. उशीर झाला की आतलं कायमचं खराब होते."

थंडीत ठेवायचं, हे मले पक्कं ध्यानात राह्यलं.

आईचे हात संधिवातानं आखडतात, म्हणून बर्फाच्या खणाले ती हातच लावत नाई. मले वाटलं, हीच जागा. बाहेर एवढी गर्मी, जेवढं जास्त थंड तेवढं औषध चांगलं राहीन. पोट्टीच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात शिशी टाकली अन् डबा बर्फाच्या ट्रेमागं सरकवला.

रविवारी सकाळी आई नातीले घेऊन विहारात वंदनेले जाते, मंग दोन तास घर आमचं. शिशी बाहेर काढली की दगडच राहे. मी तिले मुठीत धरून बसत होती, मंग काखेत, पाणी होईपर्यंत. हे हसत, "कोंबडी अंडं उबवून राहिली का वं?" इतक्या दिवसांनी हसले, मले तेच पुष्कळ झालं. उरलेली शिशी मी परत तिथंच ठेवून देत होती.

पहिल्या दोन रविवारी जमलं. तिसऱ्याले कमी. चौथ्याले काहीच नाई. हे म्हणाले, "सात भर."

"डॉक्टरनं नाई म्हटलं ना जी."

"डॉक्टरले सांगाले काय जाते? माह्या अंगाचं मले समजते. भर."

यायचं तोंड पाहून मी भरली. मंग नऊ. मंग बारा. बारा रेघांवरही अर्धवटच. तोपर्यंत शिशी संपली.

मंग त्या रविवारी हे सकाळीच गाडीवर धरमपेठले जाऊन नवी शिशी घेऊन आले, थंड पिशवीत. ती खणात गेलीच नाई. मी तशीच भरली. बारा.

पाच मिनिटांत काम झालं. मले रडूच आलं, खुशीचं. तवा दहा वाजले होते.

मंग चहा झाला, आंघोळ झाली, अन् ते उतरेना. बारा वाजता आई परत आली, तरी तसंच. हे गोधडी घेऊन पडले. आई दारात उभी राहून म्हणते, "का गा, एवढ्या गर्मीत गोधडी?"

"ताप हाय."

तिनं कपाळाले हात लावला. "ताप ना बिप. बाजारात जायचं सांगतलं म्हणून नाटक करून राहिला."

ती गेली तशी यायनं दात आवळले. दुखाले लागलं होतं. थंड पाणी टाकलं, खोलीत फेऱ्या मारल्या, काही फरक नाई. मी म्हटलं, "चला जी, दवाखान्यात जाऊ." तर म्हणतात, "आईसमोरून असा कसा जाऊ? थांब थोडं, उतरीन." एक वाजला. दीड वाजला. माह्या डोक्यात एकच, उशीर झाला की कायमचं, अन् सुई कोणी भरली, मीच भरली. दोन वाजले तशी मी उठली अन् स्वयंपाकघरात गेली.

आई तांदूळ निवडून राहिली होती. मी एका दमात सारं सांगून टाकलं, सुई, शिशी, रेघा, सारं. तिनं सूप खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"दहापासून."

"अवं बह्याडे! अन् आता सांगून राहिली?" गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "त्याले मी न्हाऊ-माखू घातलं, माह्यासमोर त्याले कायची लाज?" आपली मोठी शाल काढून तिनं यायच्या अंगावर फेकली, गल्लीत जाऊन ऑटो थांबवला. शेजारीण विचाराले लागली, का झालं वं बाई, तर म्हणे, "पोटात गोळा उठला," अन् दारात अशी आडवी उभी राह्यली की कोणाले काही दिसू नये. पोट्टीले तिनंच ठेवून घेतलं.

ऑटोत प्रत्येक गतिरोधकाले हे माहा हात दाबत. घाम गळून राह्यला होता. हळूच म्हणाले, "कामातून गेलो तर?"

"गेले तर मी असंच जवळ निजीन. फक्त पाठ नका करू."

यायनं माहा हात सोडला नाई.

डॉक्टर घरून आले. जाड सुईनं आतलं रक्त काढलं, दुसरं औषध देल्लं, अन् थोड्या वेळानं उतरलं. मी बाहेर बाकड्यावर होती, आतून सिस्टरनं हात दाखवला तवा कुठं श्वास घेतला. डॉक्टरनं मंग मले आत बोलावलं. "पाचच्या बारा कोणी केल्या?" मी खाली पाहून फ्रीजरचं सांगतलं. ते रागावतीन वाटलं, पण खुर्चीत मागं टेकले.

"गोठून, वितळून, परत गोठून ते औषध मेलं होतं, ताई. तुम्ही मेलेल्या औषधाच्या मापानं जितं औषध घेतलं. थंडीत म्हणजे खालच्या खणात, मधोमध. बर्फात नाई, दारातही नाई. काम कमी झालं तर माप वाढवायचं नाई, मले विचारायचं."

घरी आल्यावर आईनं यायच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मधल्या खणातली लोणच्याची बरणी तिनं खाली ठेवली. "हिथं ठेवत जा. कोणी विचारलं तर माही सांध्याची सुई सांगीन."

तीन आठवड्यांनी डॉक्टरनं परत बोलावलं, नव्यानं माप ठरवाले. म्हणाले, तीन रेघांपासून सुरू करू, कमी पडलं तर पुढच्या खेपेले चार. सिस्टरनं सुई माह्यापुढं धरली. मी हात मागं घेतले. "मी नाई भरत. तुम्हीच भरा."

"नाई सिस्टर," हे म्हणाले, "हिलेच भरू द्या."

"माहे हात कापून राहिले जी."

"माहे बी कापतात. दोघं धरू."

यायनं शिशी उलटी धरली, मी सुई. माह्या हाताखाली यायचा हात. आम्ही मोठ्यानं मोजाले लागलो, एक, दोन, तर सिस्टर म्हणते, "हळू मोजा वं माय, बाहेर लोक बसले हाय."

हळू मोजलं. तीन. उजेडात धरून परत मोजलं. हे म्हणाले, "तीनच हाय ना?" मी म्हटलं, "तीनच हाय."

तिथंच थांबलो.