मस्कत, तीन तास

"आई, रक्त थांबत नाहीये," मस्कतहून जावई फोनवर म्हणाले. "आत नेलंय तिला. काही सांगत नाहीत."

मी घाटकोपरला, घरात. लेकीसाठी लाडू करायचे, कोणी तिकडे जाणारं मिळालं की पाठवायचे, म्हणून डिंक तळत होते. गॅस बंद केला. लेकीचं विचारायचं सोडून मी विचारलं, "तिकडे यायला किती तास लागतात हो?"

"तीन. पण तुम्ही येणार कशा?"

खरंच होतं. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. दाखल्यावर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी. अर्ज दोनदा परत आला, मग मी नाद सोडला. पहिलं बाळंतपण माहेरी. लेकच येणार होती.

आणि ती येतच होती. सातवा संपला तेव्हा तिकीट काढत होती. मीच अडवलं.

"आठव्यात प्रवास करायचा नसतो. नववा लागला की ये."

"अगं आई, विमानात तीन तास बसायचंय, बैलगाडीत नाही!"

"तीन काय नि तीस काय. आठवा तो आठवा."

"तू ना, ऐकणारच नाहीस. बरं बाई, नवव्यात."

माझ्या आईने मलाही असंच अडवलं होतं. पण तेव्हा एसटी होती, घाट होता, खड्डे होते. विमानाला खड्डे नसतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नववा लागला, लेकीचे पाय सुजले, प्रेशर वाढलं, आणि तिथल्या डॉक्टरने विमानात बसायची चिठ्ठी दिली नाही.

फोन ठेवला तोवर शेजारीण आत आली होती. तिने सगळं ऐकलं.

"अगं, मग बसलीस काय? तीन तासांचं तर विमान. जा ना!"

"पासपोर्ट काय तुझा दाखवू?"

गॅस पेटवून उरलेला डिंक तिनेच तळला.

आमच्या इमारतीवरून विमानं उतरतात, इतकी खाली की चाकं दिसतात. ती सगळी दुपार मी गॅलरीत उभी राहून चाकं बघितली. गावी जायला मला दहा तास लागतात, ते कधी लांब वाटलं नाही.

मस्कत दीड हजार किलोमीटर आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथून दोनला निघालेलं विमान तिथल्या साडेतीनला उतरतं. हे मी नंतर पाठ केलं.

पासपोर्ट पुढच्या वर्षी मिळाला. कपाटात आहे, कोरा. लेक ये म्हणत नाही, येते असंही म्हणत नाही. रविवारी फोन येतो. जेवलीस का? जेवले. तू? आठव्या महिन्याबद्दल ती कधी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोक्याला एकदा तेल लावायचंय मला, बाकी काही नको. बाळासाठी शिवलेली गोधडी मी गुडघ्यांवर घेते. तेवढ्यालाच पुरते.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी जावयांचा दुसरा फोन आला. बाळ गेलं होतं. लेक जगली.