शिळ्या बातमीचे ताजे शब्द

तिळाच्या तेलाचा तो वास! मुंबईची शाई, दुकानातलं तेल आणि लाल मिरचीची धूळ असा त्रिविध गंध अंगावर घेऊन इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या सोनगीरच्या ओट्यावर यायचं, तेव्हा त्यातली बातमी एक दिवस शिळी झालेली असायची. आजही मी कोऱ्या वर्तमानपत्राची घडी आधी नाकाशी नेते आणि तेलाचा वास नाही म्हणून किंचित हिरमुसते.

मॅट्रिकला मी इंग्रजीत आपटले होते. माझे वडील, नाना, रागावले नाहीत; त्यांनी सरळ पारोळ्याच्या पाहुण्यांना मला बघायला बोलावलं. ऑक्टोबरच्या परीक्षेआधीच लग्न उरकायचा त्यांचा विचार होता आणि मला तर जळगावच्या कॉलेजात जायचं होतं. रडून घर डोक्यावर घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. समोरच्या शेठजींची कापसाची खरेदी होती, जोडीला किराणा. त्यांचे बाजारभाव पाहून झाले की ते इंग्रजी पत्र मी मागून आणू लागले.

शब्दकोश कुठून आणणार? पण ते शिळेपणच केवढं वरदान ठरलं! काल मराठीत वाचलेली बातमी आज इंग्रजीत भेटे, ओळखीचं माणूस परका पोशाख घालून दारात उभं राहावं तशी. मंत्र्याने खुर्ची सोडल्याचं ठाऊक असे, म्हणून ‘रिझाइन’ कळे. कालव्याचा बांध फुटल्याचं ठाऊक असे, म्हणून ‘ब्रीच’ कळे. आई चुलीपाशी हसायची, “पेपर वाचीसन भाकर फुगस का व माय?” भाकर नसेल फुगत, पण माझा जीव मात्र फुगत होता.

आणि पाहुणे यायला चारच दिवस उरले असताना कापसाबद्दल सरकारने काहीतरी ठरवल्याची आवई उठली. नेमकी त्याच दिवशी धुळ्याची गाडी वाटेत बिघडली, मराठी अंकांचा गठ्ठा आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही गठ्ठा नव्हता; मुंबईहून आलेलं शेठजींकडचं इंग्रजी पत्र तेवढं गावात होतं. ओट्यावर माणसं जमली. नानांनी हाक मारली, “पेपर लई ये. काय लिखेल शे, बठ्ठं सांग.”

‘मोनोपॉली’ हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. आज मराठीचा आधार नाही, सगळ्यांचे डोळे माझ्यावर! मग आठवला शेठजींचा चेहरा. एरवी हसून पत्र देणारे शेठजी आज मुकाट्याने देऊन आत वळले होते. व्यापाऱ्याचं तोंड इतकं उतरावं असं सरकारने काय ठरवलं असेल? मी वाक्य पुन्हा वाचलं आणि सांगून टाकलं, की यापुढे कापूस फक्त सरकार विकत घेणार, व्यापाऱ्याला घेता येणार नाही.

“खात्री शे?” नानांनी विचारलं. शे, म्हटलं. आवाज कापला नाही, याचा मला अजूनही अभिमान आहे.

अडकलेला गठ्ठा पुढच्या सकाळी आला. नाना चष्मा लावून बसले, एकेका ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत. मी दाराआड उभी. बातमी संपली, त्यांनी पत्राची घडी केली आणि आत आईला म्हणाले, “पारोळावालासले निरोप धाड, येवू नका. पोरनी परीक्षा शे.”

शेठजींचा धंदा त्या निर्णयाने मंदावला. मला पत्र देणं त्यांनी थांबवलं नाही. त्या माणसाविषयी मला फार माया वाटते.

आता धुळ्याच्या घरी दोन्ही पत्रं एकाच पहाटे दारात पडतात, बिनवासाची. इंग्रजी सरळ वाचता येतं, तरी मी मराठीच आधी उघडते. नानांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, आणि तरी माझं इंग्रजी त्यांनीच तपासलं होतं. लोक समजतात मी ऑक्टोबरात पास झाले. मी पास झाले ती त्या सकाळी, दाराआड उभी असताना.