पेढे वाटले आणि पाच मिनिटं वाढली

आमच्या हळदीच्या गावात, गोरेगावच्या बाजारात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, फॉर्म, झेरॉक्स हे सगळं पोटापाण्यासाठी. खरी मजा ई-लिलावाच्या दिवशी! एक किस्सा सांगून होत नाही, तोवर दुसरा दारात चपला काढत असतो.

आता हे दादाराव. गावात हळद शिजवायचा एकुलता एक मोठा कुकर त्यांचा, तो भाड्यानं देतात. पूर्वी बैलबाजारात दलाली केलेली, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची सवय. पहिल्यांदा ऑनलाइन बोली लावायला आले आणि माझ्या की-बोर्डवरच रुमाल पसरला! त्याखालून आकडा टाकताना दोन शून्यं जास्त पडली.

"दादाराव, रुमाल काढा!"

"आन् लोकाईनं पाह्यलं तर?"

आमच्या निवृत्त गुरुजींना जुनी सरकारी जीप हवी होती. 'तुमची बोली सर्वांत जास्त' असं स्क्रीनवर आलं, तरी वाढवतच राहिले. समोर कोणीच नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "लिलावात गप बसला तो मेला!" स्वतःलाच चारदा हरवून जीप जिंकले.

गणपतमामांचं उलटंच. विहिरीच्या मोटारीसाठी त्यांनी सांगितलेली जास्तीत जास्त रक्कम मी टाकून ठेवली. समोरचा वाढवेल त्याच्या थोडंच पुढे मशीन आपोआप जातं. समोरचा लवकर थांबला, मोटार स्वस्तात मिळाली. मामा भडकले! "म्या जबान दिली व्हती. पुरे पैसे घ्यायला सांग तेन्ला!"

पण सगळ्यांत भारी शोभामावशी. त्यांचा दहा बायकांचा बचत गट हळद लावतो. "तुमचा नंबर लागंल की," म्हणत दादाराव दरवर्षी त्यांना कुकर सगळ्यांत शेवटी द्यायचे. तोवर काढलेली हळद शेतात सुकायची, भाव पडायचा. मला फार राग यायचा. यंदा बँकेनं जप्त केलेला एक कुकर लिलावात निघाला. गावात दुसरा कुकर नको म्हणून दादारावही उभे! दुकान एकच, कॉम्प्युटर दोन, मध्ये मी.

दोघांनाही नियम सांगितला, "शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली, की वेळ पुन्हा पाच मिनिटं वाढते." मावशींनी मान डोलावली.

"मनीषा, मला लिलाव नको शिकवू," दादाराव म्हणाले.

दहा सेकंद उरले आणि त्यांनी आकडा चढवला. "एक वार, दोन वार, तीन वार!" म्हणत उठलेच. पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. पहिला पेढा मावशींना! स्क्रीनवर पाच मिनिटं नव्यानं सुरू झाली होती.

मावशींनी पेढा तोंडात टाकला. "निस्तं इथंच काहून वाटून राहिले, दादाराव? पार एसटी थांब्यापर्यंत वाटा की!"

दादाराव निघाले. मावशी माझ्याकडे वळल्या.

"आजून चार मिनिटं हायत ना? टाक बोली."

टाकली. पुन्हा पाच मिनिटं. दारातून दिसत होतं, दादाराव थांब्यावर कंडक्टरला पेढा भरवत होते. वेळ संपली, 'तुम्ही विजेते' आलं आणि मी आनंदानं टेबलावर हात आपटला!

दादाराव रिकामा डबा घेऊन परत आले. स्क्रीनकडे पाहून मटकन खाली बसले.

मावशींनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"दादाराव, औंदा आमचा नंबर लागला बरं का!"